धोंड्याच्या महिन्यातलं ऑईल

१८ मे, सोमवार

सकाळपासून वर्कशॉपमध्ये एकच गाडी आली, आणि तिच्या मालकाला फक्त आरसा बदलून हवा होता. अधिक महिना कालपासून लागला. या महिन्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, नवी गाडी तर कोणी घरात आणतच नाही. त्यात जळगावचं ऊन. दहा वाजल्यानंतर हायवेवर कुत्रंही दिसत नाही. पुढं शोरूममध्ये नव्या मोटरसायकली ओळीनं उभ्या, त्यांच्यावरची धूळ पुसायला दोन माणसं, आणि मागं सर्व्हिसला आम्ही सगळे बसून.

भूषण, आमचा मुख्य मेकॅनिक, रॅम्पवर पाय सोडून बसला होता. तो धुळ्याकडचा. कंटाळला की अहिराणीवर येतो. "बठ्ठं रिकामं शे भाऊ," म्हणाला, म्हणजे सगळं रिकामं. मला बसवत नव्हतं. उगाच काउंटरवरचे कागद लावले, पुन्हा विस्कटले, पुन्हा लावले.

चहाच्या वेळी अखिलशेठनं केबिनमध्ये बोलावलं. अखिलशेठ म्हणजे आमचे मूळ मालक उत्तमचंदजी, त्यांचा नातू. पुण्याला शिकून आला, आता शोरूम तोच बघतो. म्हणाला, "हितेंद्रभाऊ, हा महिना विक्रीवर निघणार नाही, सर्व्हिसवर काढावा लागेल. ऑईल चेंजची दणक्यात ऑफर द्या. काय द्यायची ते तुम्ही ठरवा." मग दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे जमलं तर धुळ्याची शाखा तुमच्याकडे. मॅनेजर म्हणून."

मी तिथंच हो म्हणालो. इतकी वर्षं एकाच काउंटरमागं उभा आहे. तीच खुर्ची, तोच पंखा, 'गाडी कधी मिळेल' हाच प्रश्न.

घरी आलो तर सांगायला कोणी नाही. रूपाली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या लेकीला, मोनालीला घेऊन माहेरी रावेरला गेली, ती अजून तिकडंच आहे. शाळा उघडेपर्यंत राहते म्हणाली. कूलर लावला, बंद केला, गच्चीवर गेलो, खाली आलो. ऑईल कंपनीनं दिलेली ही डायरी कोरी पडली होती.

२० मे, बुधवार

ऑफरचं नाव ठरलं: 'जावई ऑईल'.

अखिलशेठच्या मनात 'समर कार्निव्हल' होतं. मी म्हटलं, शेठ, रावेर-पाचोऱ्याचा माणूस कार्निव्हल ऐकून गाडी आणणार नाही. आपल्याकडे हा धोंड्याचा महिना. सासरा जावयाला बोलावतो, पुरणाचे धोंडे जेवू घालतो, काहीतरी हातात देतो. तर सासऱ्यानं जावयाला सोबत घेऊन यावं. ऑईल अर्ध्या किमतीत, मजुरी माफ, वर अनारशांचा डबा. अखिलशेठ आधी हसला आणि मग खुर्चीतून उठलाच. "भाऊ, हे डोकं धुळ्यालाच पाहिजे."

हे डोक्यातून आलेलं नाही, रागातून आलंय. या महिन्यात मला स्वतःला बोलावणं आलेलं नाही. येणारही नाही.

दिवाळीची गोष्ट. रावेरला ओटीवर सगळे पाहुणे बसले होते. आबा, म्हणजे माझे सासरे भाईदास, आतून आले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमी शोरूमवाले ना? मंग इथी काहून बसले? गाडी मांगं उभी हाये, ऑईल बदलून टाका." सगळे हसले. मीही हसलो. एवढी केळीची बाग, गावात मान, तरी लग्नापासून आबा मला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. म्हणजे इतकी वर्षं पोटात होतं ते त्या दिवशी ओठावर आलं. त्याच संध्याकाळी मी निघालो. बोलावल्याशिवाय रावेरची पायरी चढायची नाही, हे येताना फैजपूरच्या अलीकडंच ठरवून टाकलं.

रूपाली म्हणते, "आबांचं मनावर घेऊ नका." का घेऊ नये ते मात्र सांगत नाही.

२१ मे, गुरुवार

रूपालीचा फोन आला. जेवलात का, पाणी येतं का, झालं. मग म्हणाली, "अहो, गाडी सुरूच होऊ नये अशी काही सोय असते का?"

मी विचारलं, "चोरी झाली का तिकडं?"

"नाही, सहज. म्हणजे किल्ली लावली तरी सुरू होऊ नये. बाहेरून कळूही नये."

मी तिला चोरीविरोधी लॉकचे प्रकार सांगितले. एक हँडलला लागतो, एक चाकाला, एकाचा भोंगा वाजतो. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, "बरं, असू द्या." आवाज थकलेला वाटला. माहेरी राहून माणूस थकतं का? तिला धुळ्याचं सांगावं असं ओठावर आलं होतं. पण आधी तिनं येते कधी ते सांगावं, मग मी सांगेन.

२४ मे, रविवार

ऑफर चालली. कालपासून वर्कशॉपला जत्रा आहे. पाचोऱ्याचे एक आजोबा दोन जावयांना एकाच गाडीवर घेऊन आले, आणि गाडी दोघांपैकी कोणाची यावरून इथंच वाद लागला. धाकटा म्हणे ती हुंड्यातली नाही, मी हप्त्यानं घेतली. आजोबा म्हणाले, "ऑईल टाका रे बापहो, गाडी कोणाची का असेना." भूषणनं दोघांना एकेक अनारसा देऊन गप्प केलं. उन्हानं अनारसे दगडासारखे झालेत, त्यामुळं दोघंही बराच वेळ गप्प राहिले.

मी हसत होतो आणि पाहत होतो. एकेक सासरा जावयाच्या खांद्यावर हात ठेवून उभा. माझ्याच ऑफरनं मला भाजायला घेतलंय.

दुपारी रावेरहून प्रेमराजचा फोन. तिथं आमचं छोटं सर्व्हिस सेंटर आहे, ते तो चालवतो. म्हणाला, "भाऊ, तुमचे सासरे आले होते. ऑईल बदलून दिलं." मी म्हटलं, बरं. जावई कुठं आहे असं विचारलंस का, असं मनात आलं, पण बोललो नाही.

मोनालीशी बोललो. आमरसाच्या गप्पा झाल्या. म्हणाली, "पप्पा, आबा मला रूपालीच म्हणतात. मी सांगितलं मी मोनाली, तरी परत रूपाली." म्हातारे असे लाड करतातच. माझ्या आजीलाही सगळ्या नाती सारख्याच होत्या.

२६ मे, मंगळवार

धुळ्याला जाऊन आलो. ऑफर तिथंही लावली. शाखा लहान आहे, पण मॅनेजरची केबिन काचेची, वर्कशॉप सगळं समोर दिसतं. त्या खुर्चीत बसून पाहिलं. उठवत नव्हतं.

भूषणही सोबत होता. त्याची आई तिथून जवळच्या गावात राहते, तिला भेटून आला. परत येताना गाडीत खिडकीबाहेर पाहत बसला. मग एकदम, "भाऊ, तुम्ही धुळ्याले जाशात तर मले बी न्या." मी म्हटलं, बघू.

धुळ्यातच देवपूरला एक घर पाहिलं. दोन खोल्या, गॅलरी, शाळा पायी जाता येईल इतकी जवळ. घरमालकाला सांगितलं, बहुतेक घेतो, बायकोला एकदा दाखवतो. फोन नंबर दिला. बायकोला अजून काहीच सांगितलेलं नाही हे त्याला कशाला सांगू? परतताना पारोळ्याजवळ चहाला थांबलो आणि तिथंही बसवलं नाही, कप हातात घेऊन फेऱ्या मारल्या.

२९ मे, शुक्रवार

आज फार राग आला आहे म्हणून लिहून काढतो.

प्रेमराजचा पुन्हा फोन. "भाऊ, रागावू नका, पण तुमचे सासरे परत आले होते ऑईल बदलायला. गेल्या आठवड्यात झालं, परवा झालं, आज पुन्हा. मी म्हटलं, आबा, आत्ताच तर टाकलंय, अजून मधासारखं आहे. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, तुले काम कराचं नसीन तं तसं सांग. मग केलं बदली. तुमच्या सासूबाई, बेबाबाई, मागून आल्या, हात जोडून माझे आभार मानले आणि त्यांना घेऊन गेल्या."

मला कळत नाही, या माणसाला काय दाखवायचंय? जावयाच्या कंपनीचं ऑईल मी रोज बदलू शकतो, हे?

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. संध्याकाळी सर्व्हिसच्या नंबरवर फोन. मी उचलला. आबांचा आवाज. "साहेब, ते तुमची ऑईलची ऑफर हाये ना, ते काय हाये सांगा बरं."

साहेब! मी नाव सांगून फोन उचलतो. 'हितेंद्र बोलतोय' असं स्पष्ट म्हणालो होतो. तरी साहेब. मला वाटलं शेजारी कोणीतरी बसलं असेल आणि सगळे मिळून हसत असतील. मी म्हटलं, "ऑफर सासऱ्यांसाठी आहे. जावयाला सोबत आणलं तरच मिळते. जावई असेल तर घेऊन या."

मग म्हणाले, "असं व्हय. बरं झालं सांगितलं." आणि फोन ठेवला.

बरा टोला बसला असं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. काय वाटतंय तेही कळत नाही.

१ जून, सोमवार

काही विशेष नाही. उकाडा. गाड्या भरपूर, भूषणचे हात दुखतायत. रूपालीचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकात होतो. नंतर करतो म्हटलं आणि केला नाही. संध्याकाळी मेहरुण तलावापर्यंत गाडी नेली आणि खाली न उतरता परत आणली.

२ जून, मंगळवार

आजचं क्रमानं लिहितो.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता तेव्हा काउंटरचा फोन वाजला. नशिराबादच्या एका रसवंतीवाल्याचा. म्हणाला, हायवेवर एका म्हाताऱ्या माणसाची गाडी बंद पडलीय, टाकीवर तुमचं ऑईलचं स्टिकर आहे, त्यावरून नंबर घेतला. "माणूस बरा दिसत नाही. घर कुठं म्हटलं तर सांगत नाही. ऊन लागलंय की काय." मी गाडीचा नंबर विचारला. त्यानं सांगितला. आबांची गाडी.

भूषणला पिकअप घेऊन मागून ये म्हटलं आणि माझी मोटरसायकल काढली. रस्ता असा तापलेला की समोर पाणी पसरलंय असं वाटत होतं. रावेरहून इथपर्यंत, सावदा, भुसावळ, सगळा ट्रकांचा रस्ता, हा माणूस या उन्हात एकटा आला होता.

रसवंतीच्या शेडखाली आबा बाकावर बसले होते. डोक्यावर ओलं उपरणं टाकलेलं, ते रसवंतीवाल्यानंच भिजवून दिलं होतं. धोतराला ऑईलचे डाग. चेहरा लालबुंद. पायात एकच चप्पल. मी समोर जाऊन उभा राहिलो. "आबा."

त्यांनी मान वर केली. "आले का तुमी? शोरूमवाले ना? पाहा बरं गाडीले काय झालं. चालता चालता जाम झाली."

"आबा, मी हितेंद्र."

"हितेंद्र तं माह्या जावयाचं नाव हाये," ते म्हणाले. थट्टा नव्हती. माझ्याकडे पाहत होते, आणि त्या डोळ्यांत मी कुठंच नव्हतो. "त्यालेच घ्याले चाललो जळगावले. धोंड्याचा महिना हाये ना. शोरूमवाल्यानं फोनवर सांगितलं, जावयाले घेऊन या. म्हटलं खरंच हाये. फोनवर बलावणं बरं नी दिसत. सासऱ्यानं सोता जावं."

रसवंतीवाल्यानं ग्लास पुढं केला. मी तो आबांच्या हातात दिला, त्यांनी दोन घोट घेतले.

"दिवाळीत रुसून गेला तो," आबा म्हणाले. "कोनी तरी काही बोललं अशीन. माह्या घरी त्याले कोनी बोलाले नी पायजे व्हतं. लई मानी हाये पोरगा." मग पुढं वाकून हळूच विचारलं, "तुमी ओयखता त्याले? तिथंच हाये, मोठा साहेब."

"ओळखतो," मी म्हटलं.

"मंग सांगजा त्याले. सासऱ्यानं बलावलंय म्हणा. मी आलो असतो, पण गाडी बंद पडली म्हणा."

"सांगतो, आबा."

भूषण पिकअप घेऊन आला. गाडीखाली वाकून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. खालचा ऑईलचा नट हातानं फिरेल इतका सैल होता. कोणीतरी घरी उघडला असावा आणि नीट आवळला नसावा. वाटेत सगळं ऑईल सांडत गेलं आणि इंजिन जाम झालं. "नशीब भाऊ, हळू व्हती गाडी," भूषण म्हणाला. ट्रकच्या पुढं जाम झाली असती तर?

आबांना पिकअपमध्ये बसवलं. मी रूपालीला फोन लावला. "आबा माझ्याकडे आहेत," एवढंच म्हणालो. पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि मागं सासूबाईंचा, "गवसले का? गवसले का?"

डॉक्टरांकडे नेलं, सलाईन लावलं. उन्हामुळं असं होतं, म्हातारं माणूस, डोकं चालत नाही थोडा वेळ. मी डॉक्टरांना तसंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ऊन तर लागलंयच. पण घरचे कोणी आहेत का? मला त्यांच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, मीच घरचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुम्हाला माहीत नाही?"

३ जून, बुधवार

रूपाली, मोनाली आणि सासूबाई काल संध्याकाळी आल्या. आज आबा बरे आहेत. सकाळी मोनालीला केळीचं पान कसं कापायचं ते सांगत होते, एक शब्द चुकला नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा मी रूपालीला विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. आधी शेताचा रस्ता चुकले. मग माणसं. काही दिवस अगदी बरे असतात, म्हणून वाटायचं, जाईल हे."

"मला का नाही सांगितलं?"

"आईला गावात कळू द्यायचं नव्हतं. म्हणाली, कोणाला नको, जावयाला तर नकोच. मी तरी सांगायचं ठरवलं होतं. गाडीचं विचारायला फोन केला तेव्हा तेच सांगायचं होतं. आम्ही किल्ली लपवायचो, ते शोधून काढायचे. तर तुम्ही भोंगा वाजणारं लॉक सांगत बसलात."

मी फोन चार्जिंगला लावला.

"दिवाळीला तुम्हाला काय वाटलं होतं?" तिनं विचारलं.

मी उठलो आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेलो. कूलर भरलेलाच होता.

दुपारी आणखी एक झालं. माझा फोन चार्जिंगला होता, तो वाजला, तिनं उचलला. देवपूरचे घरमालक. म्हणाले, वहिनी, घर बघायला कधी येताय? तिनं त्यांना शांतपणे सांगितलं, कळवते. मग फोन माझ्या हातात ठेवला. "तुम्हीही सांगितलं नाहीच की."

भांडण होईल असं वाटलं. झालं नाही. ती खाली बसून मोनालीची वेणी घालायला लागली. भांडण झालं असतं तर बरं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

८ जून, सोमवार

आबा आणि सासूबाई काल रावेरला परतले. इथं राहा म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्याह्यले त्याह्यच्या ओट्यावरच बरं वाटते, बापू. नव्या घरात तं ते मलेबी ओयखनार नी." रूपाली मोनालीला घेऊन सोबत गेली. शाळा उघडल्यावर काय करायचं ते ठरलेलं नाही. रूपालीची बहीण सुरतला, तिला लहान बाळ. म्हणजे उरलो आम्हीच.

अखिलशेठला सांगितलं, धुळ्याला जमणार नाही. रावेर पूर्वेला आणि धुळे पश्चिमेला, मध्ये अख्खा जिल्हा. त्यानं कारण विचारलं. मी आधी घरची अडचण म्हटलं, मग खरं काय ते सांगितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आमचे दादाजी, उत्तमचंदजी, आता दुकानात का येत नाहीत, तुम्हाला वाटतं गुडघे दुखतात म्हणून?" मला खरंच तसंच वाटत होतं. सगळ्या बाजारालाच तसं वाटतं.

धुळ्याची शाखा भूषणला दिली. मीच त्याचं नाव सुचवलं. घरी येऊन मात्र चिडचिड झाली. त्या काचेच्या केबिनमध्ये भूषण बसणार. त्यानं आईला फोन केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. "माय, मी घर येस," एवढंच म्हणाला. तरी मला पूर्ण आनंद झाला नाही. असं का असतं माणसाचं?

१४ जून, रविवार

उद्या अधिक महिना संपतो. आज रावेरला गेलो. बोलावणं आलं होतं. नशिराबादला, रसवंतीत बसून.

आबा ओट्यावरच होते. मी गाडी लावली, पायरीशी आलो. आज कोण असणार आहे मी? त्यांनी चष्मा वर केला. "जावाईबापू, महिना सरला तव्हा आले? तुमची सासू रोज पुरन शिजवून ठेवते."

मी वाकून पाया पडलो.

सासूबाईंनी पाट मांडला, धोंडे वाढले, वर तुपाची धार. आबांनी स्वतः माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि चांदीचा दिवा हातात दिला. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर काही वेळ तसाच राहिला. नंतर मला बागेत नेलं. घड कसे धरलेत ते दाखवलं, यंदा वाऱ्यानं किती झाडं आडवी केली ते सांगितलं, माझ्या आईची चौकशी केली. आई जाऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, बरी आहे.

परत ओट्यावर आल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "गाडी कुठी हाये माही?"

रूपाली दारात उभी होती. सासूबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. हा प्रश्न त्यांना रोज येत असणार, आणि रोज घरात रामायण होत असणार.

मी म्हटलं, "सर्व्हिसिंगला आहे, आबा. शोरूममध्ये."

"व्हय का," ते म्हणाले. "काम लागलं अशीन." आणि टेकून बसले. पुन्हा विचारलं नाही. रूपाली माझ्याकडं पाहत राहिली. दिवाळीनंतर पहिल्यांदा मला वाटलं, आपण इथं बसू शकतो. चहा होईपर्यंत बसलो, आणि संध्याकाळी जेवायलाही थांबलो.

रूपाली आणि मोनाली माझ्यासोबत जळगावला आल्या. शनिवार-रविवार आम्ही तिकडं जायचं. बाकीच्या दिवसांसाठी प्रेमराजची आई दुपारची सासूबाईंच्या सोबतीला येणार आहे. पुरेल का, माहीत नाही. सध्या असं ठरलंय.

२३ जून, मंगळवार

आबांच्या गाडीचं इंजिन भूषणनं धुळ्याला जायच्या आधी उघडून पूर्ण केलं. नवा पिस्टन, नवं ऑईल. एका किकमध्ये सुरू होते. धुऊन, पुसून वर्कशॉपच्या मागं उभी केली आहे आणि वर ताडपत्री टाकली आहे. या नोकरीत मी गिऱ्हाइकाची तयार गाडी कधी एक दिवस जास्त ठेवली नाही. काम झालं की आधी मालकाला फोन, मग चहा, असा माझा नियम.

ऑफर संपली, तरी काउंटर रिकामं नाही. पेरणीच्या आधी लोक गाड्या नीट करून घेतायत. आज गर्दीत फोन वाजला. या वेळी रोज वाजतो.

"शोरूमवाले का?"

"हो, बोला आबा."

"माही गाडी झाली का?"

"नाही आबा, एक पार्ट पुण्याहून यायचाय. उद्या होईल."

"काल बी उद्याच म्हटलं तुमी."

"ट्रान्सपोर्टवाला थांबलाय, आबा. पाऊस आहे ना तिकडं."

समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं. त्याच्याही गाडीचं मी 'उद्या' म्हटलं होतं, आणि ते खरं होतं.

आबांचा आवाज चढला. "पाहा, मी साधा मानूस हाये, पन मले असंतसं समजू नका. माहा जावाई तुमच्या तिथंच हाये. मोठा साहेब हाये. उद्या गाडी नी भेटली तं त्याले सांगीन मी. लई कडक मानूस हाये तो. तुमची नोकरी जाईन."

"नको आबा," मी म्हटलं. "त्यांना नका सांगू. मी उद्या नक्की करतो."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि जरा निवळले. "जेवले का तुमी?"

मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हटलं.